मॅचला ढोल कशाला? फुटबॉलच्या गर्दीतला ठेका समजून घेताना



मागच्या पालकसभेत एका आईने मला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. त्यांचा मुलगा नववीत आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीत राहतो, गणपतीत ताशा वाजवतो. आई म्हणाल्या, "बाई, हा तिकीट काढून अंधेरीला फुटबॉलच्या मॅचला जातो आणि मॅच बघतच नाही. मैदानाकडे पाठ करून उभा राहतो आणि ताशा बडवतो. मग तिकीट कशाला काढायचं? इथे पुलाखाली फुकट वाजवता येतं की!" आजूबाजूचे पालक हसले. मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आणि घरी आल्यावर दोन-दोन हाका मारल्या तरी ऐकू येत नाही त्याला. पुढच्या वर्षी दहावी आहे. बंद करू का सगळं?"

दोन्ही प्रश्न खरे होते. पहिला हसण्यावारी गेला आणि दुसरा तसाच राहिला. मला फुटबॉलमधलं फारसं काही कळत नाही, पण विज्ञान शिकवते, त्यामुळे आवाजातलं थोडंफार कळतं. म्हणून एकदा त्या पोरांबरोबर लोअर परळहून स्लो लोकल पकडून अंधेरीला गेले. जे पाहिलं आणि नंतर जे वाचलं, ते इथे मांडते आहे. शेवटी वर्गात करून बघण्याचे दोन-तीन प्रयोगही दिलेत.

आपल्या भागातला आवाज

लोअर परळ, लालबाग, करी रोड हा सगळा पट्टा मुळात आवाजावर चालणारा. गिरण्या होत्या तेव्हा भोंग्यावर घरातला स्वयंपाक, शाळा, झोप सगळं ठरायचं. 1982च्या संपानंतर एकेक भोंगा बंद पडत गेला. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि तिथली चिमणी शोभेला उभी आहे. ढोल-ताशा, बँजो, कच्छी बाजा मात्र राहिला. जुलै उजाडला की संध्याकाळी कुठून ना कुठून सरावाचा आवाज येतोच. आमच्याकडच्या पोरांना पाढे येण्याआधी ठेका येतो, हे मी कौतुकाने सांगतेय की तक्रारीने, ते माझं मलाच ठरवता येत नाही.

फुटबॉलही इथे नवा नाही. मुंबईत रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला. आधी गोऱ्या पलटणींचे संघ जिंकायचे, 1940 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगने तो कप कोलकात्याला नेला, आणि 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. हे सामने कुपरेजवर व्हायचे. मफतलालसारख्या गिरणी समूहाचा, टाटांचा, रेल्वेचा, बँकांचा असे संघ मुंबईत होते. त्यामुळे एखादा आजोबा "आम्ही कुपरेजला जायचो" म्हणाला तर त्याला थापाड्या समजू नका. त्याच्याकडून ऐकून घ्या.

आता पोरं जातात ती मुंबई सिटी एफसीच्या मॅचला. हा क्लब 2014 साली इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झाला. पहिले दोन हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले आणि 2016 पासून अंधेरीच्या क्रीडा संकुलातलं मैदान घरचं झालं. आपल्या विषयासाठी हा बदल फार महत्त्वाचा आहे. डी. वाय. पाटील हे क्रिकेटचं गोल मैदान. फुटबॉलचं मैदान आयताकृती, त्यामुळे मधे बरीच जागा मोकळी राहते आणि प्रेक्षक लांब बसतात. अंधेरीचं मैदान लहान, माणसं कमी, पण खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसेल इतकं जवळ. चार-पाच हजार माणसांचा आवाज तिथे जितका अंगावर येतो, तितका मोठ्या गोल मैदानात दुपटीने माणसं आली तरी येत नाही.

रिकामं मैदान काय सांगतं

गर्दीने नेमका काय फरक पडतो, हे कळायला गर्दी नसतानाची मॅच बघावी लागते. मुंबईकडे याची दोन चांगली उदाहरणं आहेत.

पहिलं 2018चं. भारतीय संघ जूनमध्ये अंधेरीला चार देशांची स्पर्धा खेळत होता. 1 जूनला चायनीज तैपेईविरुद्ध भारताने 5-0 असा विजय मिळवला आणि मैदानात प्रेक्षक होते 2,569. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असं त्याने हात जोडून सांगितलं. 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या मॅचची सगळी तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भर पावसात लोक उभे राहिले, भारत 3-0 ने जिंकला आणि त्यातले दोन गोल छेत्रीचे. आता, तैपेईविरुद्ध तर रिकाम्या मैदानातही पाच गोल झालेच होते. म्हणजे "गर्दी आली म्हणून जिंकलो" असं सरळ गणित मांडता येत नाही. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते.

दुसरं उदाहरण करोनाचं. 2020-21चा अख्खा हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना झाला. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबई सिटीने अंतिम सामना 2-1 असा जिंकला. विजयी गोल बिपिन सिंगने अगदी शेवटच्या मिनिटाला केला. क्लबचं पहिलं विजेतेपद, आणि बघायला स्टँडमध्ये कुणी नाही! त्या काळात अनेक देशांत टीव्हीवाल्यांनी आधी ध्वनिमुद्रित केलेला गर्दीचा आवाज प्रक्षेपणात मिसळला होता, कारण नुसता चेंडूचा आवाज आणि प्रशिक्षकांची ओरड ऐकून प्रेक्षकांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

या रिकाम्या मैदानांनी संशोधकांना मात्र आयती प्रयोगशाळा दिली. जर्मनीची लीग मे 2020 मध्ये प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली, मागोमाग इतर देशांच्याही. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला एरवी जो फायदा मिळतो तो या काळात घटला, असं अनेक अभ्यासांत दिसलं. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली. म्हणजे गर्दीचा आवाज खेळाडूंपेक्षा पंचांच्या कानात जास्त शिरत होता की काय?

तशी शंका आधीपासून होती. 2002 साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस पात्र पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सिटी या मॅचमधल्या 47 झटापटी दाखवल्या. निम्म्या पंचांना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि निम्म्यांना आवाज बंद करून. फाउल आहे की नाही ते सांगायचं. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे 15.5 टक्के कमी फाउल दिले. पाहुण्यांविरुद्ध मात्र त्यांनी जास्त दिले नाहीत. गर्दी पंचाकडून चुकीचा निर्णय ओढून घेते असं इथे दिसत नाही. घरच्या संघाविरुद्ध शिटी वाजवताना पंचाचा हात किंचित अडखळतो, एवढंच दिसतं. वर्गात मॉनिटर निवडताना मागच्या बाकांवरून गलका झाला की आपलंही असंच होतं ना?

गर्दीला मर्यादाही असते. 4 मे 2024 ला मुंबई सिटीने मोहन बागानला त्यांच्याच सॉल्ट लेक मैदानावर, त्यांच्या हजारो चाहत्यांसमोर, आधी एक गोल खाऊन मग 3-1 ने हरवलं आणि कप आणला.

पाठ करून उभं राहण्याचं कारण

आता त्या आईच्या पहिल्या प्रश्नाकडे येते.

मैदानात गेल्यावर मला सगळ्यात आधी हेच खटकलं. मुंबई सिटीच्या चाहत्यांचा वेस्ट कोस्ट ब्रिगेड नावाचा गट आहे, शिवाय आमच्या पोरांसारखे सुटे-सुटे घोळकेही असतात. ढोलवाले सगळे एकाच ठिकाणी खेटून उभे. त्यांच्या पुढे एक जण मैदानाकडे पाठ करून, हात वर करून. गोल झाला की तो वळून बघतो, तोपर्यंत चेंडू मध्यावर आलेला असतो! युरोपात अशा माणसाला 'कापो' म्हणतात. मूळ इटालियन शब्द, अर्थ म्होरक्या. हा माणूस मॅच बघत नाही, तो लोकांकडे बघतो. कारण त्याचं काम लोकांना एकत्र ठेवणं आहे, आणि ते काम नुसत्या आवाजाने होत नाही. का होत नाही, ते समजायला आठवी-नववीचं विज्ञान पुरतं.

हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. फुटबॉलच्या मैदानाच्या लांब बाजूचा स्टँड सुमारे शंभर मीटर असतो. एका टोकाला ढोल वाजला तर दुसऱ्या टोकाला तो 100 ÷ 340 म्हणजे सुमारे 0.3 सेकंदांनी पोचतो. हे काहीच नाही असं वाटेल. पण मिनिटाला 120 ठोके असा ठेका धरला तर दोन ठोक्यांमध्ये अंतर असतं अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे पलीकडची माणसं इमानेइतबारे जे ऐकलं त्यावर टाळी देतात, तेव्हा इकडे अर्ध्याहून जास्त मात्रा उलटून गेलेली असते. आणि त्यांची टाळी परत ढोलवाल्यापर्यंत यायला आणखी 0.3 सेकंद! ढोलवाल्याने ती टाळी ऐकून जुळवून घ्यायचा प्रयत्न केला तर तो मागे पडतो, मग समोरचे आणखी मागे पडतात आणि चार ओळींत सगळा चिवडा होतो.

यावर उपाय दोन. एक, वाजवणाऱ्यांनी जवळजवळ उभं राहायचं. सतरा मीटरच्या आत फरक 0.05 सेकंदाचाच राहतो. म्हणून ढोल स्टँडभर विखरून ठेवत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा. प्रकाशाला शंभर मीटर जायला वेळ लागतच नाही म्हणा ना. वर केलेला हात सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. आपल्याकडे पथकात ताशेवाला काडी उंच करून इशारा देतो आणि तीस ढोल एकदम थांबतात, ते याच तत्त्वावर. आमच्या त्या नववीतल्या मुलाला हे सूत्र माहीत नव्हतं, पण तो मला म्हणाला, "बाई, लांबच्यांचं ऐकायचं नसतं. ऐकलं की गडबड होते." मी हे फळ्यावर लिहून दिलं तेव्हा त्याला आनंद झाला, पण आश्चर्य अजिबात वाटलं नाही.

तेव्हा उत्तर असं, की तो मुलगा मॅच बघायला जात नाही हे खरंच आहे. लग्नात आचारी जेवायला जात नाही, तसं.

ढोल आणि ताशा, दोघं का लागतात

ढोलाचा आवाज खर्जातला. साठ हर्ट्झच्या आसपासचा स्वर धरला तर त्याची तरंगलांबी 340 ÷ 60, म्हणजे साडेपाच मीटरहून जास्त. एवढ्या लांब तरंगाला मधे उभी असलेली माणसं म्हणजे काहीच अडथळा नाही, तो वळसा घालून जातो. म्हणून ढोल लांबवर पोचतो आणि कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. पण त्याचा ठोका पसरट असतो, नेमका कुठल्या क्षणी पडला ते कळत नाही.

ताशाचं उलट. उथळ भांडं, ताणलेलं पान आणि दोन बारीक काड्या. आवाज टोकदार, दोन-तीन हजार हर्ट्झच्या घरातला, त्याची तरंगलांबी वितीपेक्षाही कमी. समोर उभ्या माणसाचं डोकंसुद्धा तो अडवतं. म्हणून ताशा पुढे आणि मोकळ्या जागी लागतो. पण वेळ अचूक सांगतो तो ताशाच. लोकांना हलवायचं काम ढोलाचं आणि वेळेवर हलवायचं काम ताशाचं, अशी ही वाटणी आहे. हे कुणी संशोधन करून ठरवलेलं नाही. मिरवणुकीत चालता चालता पिढ्यान्‌पिढ्या ठरत गेलं.

जगात इतरत्रही हेच निरनिराळ्या रूपांत दिसतं. अर्जेंटिनात मोठ्या ढोलावरच झांज बसवलेली असते, म्हणजे खर्ज आणि टोक दोन्ही एकाच माणसाच्या हातात. ब्राझीलमध्ये जायमे दे कार्वाल्यो या फ्लामेंगोच्या चाहत्याने 1942 साली ढोल आणि पितळी वाद्यांची 'शरांगा' नावाची वाजंत्री मैदानात आणली, तिथून स्टँडमधल्या वाजंत्रीची प्रथा तिकडे रुजली. स्पेनचा मानोलो तर एकटाच एक ढोल गळ्यात अडकवून देशाच्या संघामागे जन्मभर फिरला. 2025 मध्ये तो वारला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

याच्या विरुद्ध टोकाला 2010च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकातला वुवुझेला. तुम्हाला तो माशा घोंघावल्यासारखा आवाज आठवत असेल. पेटीवर काळी पाचच्या आसपासचा एकच सूर, सतत, ठेका नाही, विराम नाही. त्यावर ना गाता येतं, ना टाळी धरता येते. आवाज प्रचंड, पण तो कुणाला एकत्र आणत नाही असं माझं मत. आफ्रिकेतल्या चाहत्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचं म्हणणंही ऐकायला हवं.

मला स्वतःला आवडला तो आइसलंडचा प्रकार. 2016 मध्ये जेमतेम सव्वातीन-साडेतीन लाख लोकवस्ती असलेला देश, आपल्या मुंबईच्या एखाद्या वॉर्डाएवढा. 2016च्या युरो स्पर्धेत त्यांचे चाहते दोन ढोलांचे ठोके, मग शांतता, मग हजारो हात डोक्यावर एकच टाळी आणि एक हुंकार, असं करायचे. सुरुवातीला दोन टाळ्यांमध्ये मोठं अंतर, मग हळूहळू कमी. मघाचं गणित आठवा. अंतर मोठं असलं की लांबून येणारा आवाज आणि प्रतिध्वनी विरून जायला वेळ मिळतो, म्हणून सुरुवात संथ. सगळे एकदा जुळले की मग वेग वाढवता येतो.

मोठ्याने की एकत्र?

यावर एक सुंदर अभ्यास आहे. 2000 साली 'नेचर' या नियतकालिकात तो छापून आला. रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत प्रयोग संपल्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, त्या ध्वनिमुद्रित करून तपासल्या. आधी नुसता कडकडाट होतो, मग आपोआप सगळ्या टाळ्या एका लयीत येतात, मग पुन्हा विस्कटतात, पुन्हा जुळतात. संशोधकांना दिसलं की जुळण्यासाठी प्रत्येक जण आपला वेग जवळजवळ निम्मा करतो. वेग निम्मा झाला की एकूण आवाजही कमी होतो. मग उत्साहाच्या भरात लोक आवाज वाढवायला वेग वाढवतात आणि जुळलेली लय मोडते.

म्हणजे मोठ्याने आणि एकत्र या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. ढोल तिथेच उपयोगी पडतो. आवाजाची जबाबदारी ढोल घेतो, त्यामुळे माणसांना संथ राहून एकत्र राहणं जमतं.

आणि घोषणांची रचना बघा. म्होरक्या लांब ओळ म्हणतो, लोक छोटं उत्तर देतात. "गणपती बाप्पा" एकाने, "मोरया" सगळ्यांनी. वारीतही तसंच. "आमची सिटी"वाल्या घोषणाही याच साच्यातल्या. उत्तर जितकं छोटं तितकं ते एकत्र पडतं. आमच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही, कारण बाप्पाने आधीच शिकवलेलं असतं. केरळात तर फुटबॉलच्या आणि इतर जल्लोषात जो ताफा वाजतो त्याला तिथले लोक 'नाशिक ढोल' असंच म्हणतात. नाशिकचा ढोल मल्याळी माणूस वाजवतो आणि फुटबॉलचं वेड परळच्या पोराला लागतं, ही देवाणघेवाण मला फार गोड वाटते.

कोल्हापूरबद्दल न लिहिलं तर तिकडचे शिक्षक मित्र माफ करणार नाहीत. तिथे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमला पेठाच्या पेठा लोटतात. कुस्तीच्या फडात हलगी कशी रंगत जाते, पकड घट्ट होईल तशी हलगीची लय चढते, हे ज्या गावाच्या कानात आहे, तिथल्या फुटबॉलला आवाजाचं महत्त्व कुणी सांगायला नको. मात्र हुल्लडबाजीमुळे तिथे सामन्यांना खीळ बसल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. पेठेचा अभिमान आणि पेठेचं भांडण यांना एकच ढोल पुरतो.

अंधेरीतही मला हे दिसलं. पाहुण्यांचा गोलरक्षक चेंडू मारायला आला की एका कोपऱ्यातून शिवी सुरू झाली. मी शेजारी दोन मुली घेऊन बसले होते, मला अवघडल्यासारखं झालं. तेवढ्यात आमच्या पोराने ताशावर झपझप काडी फिरवली, ढोल उचलले गेले आणि शिवी त्यात बुडाली. नंतर विचारलं तर म्हणाला, "तसंच करायचं असतं. ओरडून सांगितलं की ते अजून देतात." मी पंचवीस वर्षं वर्ग सांभाळते आहे, मला हे उशिरा कळलं.

आता कानांचं

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे आणि त्यात आईचंच बरोबर आहे.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. कामाच्या जागी 85 डेसिबल आवाजात आठ तासांपर्यंत राहावं, असा एक सर्वमान्य संकेत आहे. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. मुलांना हा तक्ता स्वतः बनवू द्या: 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास आणि 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. मॅच नव्वद मिनिटांची, मधली सुटी आणि आधीचा जल्लोष वेगळा. मी फोनवरच्या मापकाने ताशापासून दोन हातांवर मोजलं. फोन फार अचूक नसतो हे मान्य, पण आकडा शंभराच्या खाली क्वचितच आला. ताशा वाजवणाऱ्याचा कान तर त्याहून जवळ.

मॅचनंतर कानात घुंईं होणं, हाक ऐकू न येणं, म्हणजे आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी थकल्याची खूण आहे. एक-दोन दिवसांत बहुतेक वेळा ठीक वाटतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण वारंवार झालं तर त्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच स्वर: स, श, फ, थ अशी व्यंजनं ऐकताना गोंधळ होतो. वर्गात "लक्ष नाही याचं" असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याला कदाचित नीट ऐकूच येत नसेल. गणपतीनंतरच्या आठवड्यात शिक्षकांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

उपाय स्वस्त आहेत. औषधांच्या दुकानात फोमचे कानातले बोळे मिळतात, एका वडापावाच्या आसपास किंमत. नीट बसवले तर आवाज बराच कमी होतो आणि ठेका तरीही कळतो, कारण ढोल अंगातून कळतोच. साधा कापूस मात्र फारसा उपयोगाचा नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वाजवणारे बदलावेत. लहान मुलांना ताशाच्या समोर उभं करू नये. आणि सराव वस्तीत असेल तर रात्री दहाला थांबावा, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ते बंधनकारकच आहे. मैदानात वाद्य नेण्याआधी परवानगी विचारून घ्यावी. युरोपात बऱ्याच ठिकाणी ढोल एका बाजूने उघडा हवा अशी अट असते, आत काही लपवलेलं नाही ना हे दिसावं म्हणून.

वर्गात करून बघा

पहिला प्रयोग मैदानावर. एका टोकाला एक मुलगा थाळी आणि पळी घेऊन उभा करा. बाकीची मुलं जमेल तितक्या लांब, शंभर मीटर मिळाले तर उत्तम. थाळीवर पळी पडताना दिसली की एका गटाने हात वर करायचा, आवाज ऐकू आला की दुसऱ्या गटाने. हातांमधला फरक डोळ्यांना दिसतो. आमच्या शाळेचं पटांगण तेवढं मोठं नाही, म्हणून आम्ही जवळच्या मैदानावर गेलो. क्रिकेटवाल्यांनी दहा मिनिटं खेळ थांबवला, त्यांचे आभार.

दुसरा वर्गातच. डोळे मिटून सगळ्यांनी टाळी धरायची, कुणी म्होरक्या नाही. किती वेळाने जुळते ते मोजा. मग "आता जोरात" म्हणा आणि काय होतं ते बघा.

तिसरा गणिताचा. जगभरच्या मैदानांवर चालणारी ती टाळी तुम्ही ऐकली असेल: दोन टाळ्या, मग तीन, मग चार, आणि शेवटी दोन शब्द. आठ मात्रांचा केरवा धरा. दोन-दोन मात्रांचे चार भाग. प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे केले तर एकूण सोळा घरं. मुलांना वहीत सोळा चौकोन काढून भरलेली आणि रिकामी घरं रंगवायला सांगा. अकरा भरलेली आणि पाच रिकामी निघतात. मग विचारा, पाच षोडशांश शांतता काढून टाकली तर काय उरेल? माझ्या वर्गात उत्तर मिळालं, "वुवुझेला."

त्या आईंना मी हे सगळं सांगितलं. ताशा बंद केलेला नाही. महिन्यातून एक मॅच असं ठरलं आहे, तेही दुसऱ्या दिवशी परीक्षा नसेल तर, आणि कानात बोळे घातल्याचा फोटो लोकलमध्ये बसायच्या आधी आईला पाठवायचा. मागच्या वेळी फोटो आला, त्यात बोळे होते पण एकाच कानात. दुसरा बोळा त्याने ढोलवाल्या मित्राला दिला होता. पुढच्या वेळी मी एक जादा जोडी घेऊन ठेवली आहे.